सरांना कोण सांगणार?

आमच्या कळंबच्या मंडळाचा ग्रुप सध्या लई तापलाय. विषय एकच, सरांनी खो-खोची टीम सोडावी का नाही. तीन वर्षं झाली, जिल्ह्याच्या पहिल्याच फेरीत घरी यायची पाळी. पोरं म्हणायलेत मॅटवरचा खेळ येगळा झालाय अन् सर अजून मातीतलंच शिकवायलेत, तर जुनी माणसं म्हणायलेत, ज्यानं ग्राउंडवरच्या बाभळी तोडून टीम उभी केली त्याला हाकलता का? मी इंग्लंडात नॉटिंगहॅमला, इथं उठेपर्यंत दीडशे मेसेज साठलेले असतात.

माझ्या ऑफिसच्या वाटेवर ब्रायन क्लफचा पुतळा लागतो, दोन्ही हात डोक्यावर धरलेला. माणूस मूळचा मिडल्सब्रोचा, फुटबॉलमधला स्ट्रायकर म्हणजे गोल मारणारा, लीगच्या 274 मॅचमध्ये 251 गोल! 26 डिसेंबर 1962 ला गोलकीपरवर आदळला, गुडघा गेला अन् खेळणं जवळपास तिथंच संपलं. 1965 ला हार्टलपूल्ससारख्या तळातल्या क्लबचा मॅनेजर झाला, तेव्हा वय 30. पुढं डर्बी क्लबला लीग जिंकून दिली, लीड्स क्लबनं 44 दिवसांत काढलं, अन् 1975 ला आला इथल्या नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबला, तेव्हा हे सेकंड डिव्हिजनमध्ये, म्हणजे दुसऱ्या पातळीवर. 1977 ला वर आले, 1978 ला चॅम्पियन, 1979 अन् 1980 ला सलग युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांमधला सगळ्यात मोठा कप. म्हणजे बघा, आपल्या तालुक्याच्या टीमनं दोनदा देश जिंकल्यासारखं.

पण इथले म्हातारे पबमध्ये कपाबद्दल कमी अन् 1993 बद्दल जास्त बोलतात. क्लफला इथं 18 वर्षं झाली होती, दारू वाढली होती, टीम तळाला. सगळ्यांना दिसत होतं, पण ज्यानं एवढं दिलं त्याला जा म्हणणार कोण? शेवटी 1 मेला शेफील्ड युनायटेडकडून हरले, खालच्या डिव्हिजनमध्ये गेले, अन् तरी लोक त्याच्याच नावानं गात होते. प्रेम खरंच होतं हो. पण तेच थोडं आधी, घरी बसून, चहा घेत सांगितलं असतं तर?

मला बोलायला सोपंय, मी बारावीनंतर गाव सोडलं, ग्राउंडवर फक्की टाकायला आता मी नसतो. सकाळी साडेपाचला गळ्यात शिट्टी अडकवून, डब्यातली फक्की मुठीनं सोडत लाईन आखणारे सर अजून डोळ्यापुढं येतात, रेष मात्र कधी वाकडी नाही गेली. म्हणून हाकला म्हणवत नाही. चौदाच्या आतली पोरं सरांकडंच राहू द्या, पायाला वळण त्यांच्यासारखं कुणी लावत नाही, अन् मोठी टीम त्यांच्याच हाताखाली राज्यापर्यंत खेळलेल्या ताईंकडं द्या.

अन् हे सांगायला दोघंतिघं त्यांच्या घरी जा. ग्रुपवर नको. सर ग्रुपमध्येच आहेत, कालचे सगळे मेसेज त्यांनी वाचलेत.