फ्यूजला चांदी गुंडाळणाऱ्यांनी माझ्या गाडीला हात लावू नये

सिगारेटच्या पाकिटातली चांदी! काल माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या फ्यूज बॉक्समधून निघाली. आठ अँपिअरच्या पांढऱ्या फ्यूजला घडी घालून गुंडाळलेली, वरून दाबून बसवलेली. सोडवताना हात थरथरत होते माझे, रागाने.

परवा रात्री जेजुरीहून परत येत होतो. शेजारी बायको, मागे आई. दिवे घाट उतरताना एका वळणावर दोन्ही हेडलाइट गेले. आधी मिणमिणले वगैरे नाहीत, एकदम काळोख. मागे ट्रक. अंदाजाने गाडी डावीकडे दाबली, चाक मुरमात घासल्याचा आवाज आला तेव्हा कुठे जीवात जीव आला. आणि मग तो वास. वायर जळल्याचा वास ज्याने एकदा घेतलाय त्याला पुढचं सांगायला नको. आई ‘काय झालं रे’ म्हणतेय, आणि मी बॉनेट उघडून अंधारात बॅटरीची केबल उपटतोय.

सकाळी फोन केला त्या इलेक्ट्रिशियनला. म्हणतो, ‘काका, फ्यूज सारखा उडत होता ना, म्हणून केलं तसं. जुनी गाडी आहे, चालतंय.’

उडत होता म्हणून! अरे, उडत होता तर का उडतोय ते शोधायचं असतं. वायर जळू नये म्हणून फ्यूज जळतो. दहा रुपयांचा तुकडा स्वतः जळून माझी गाडी वाचवतोय आणि तू त्याचं तोंड बंद करतोस?

आणि उडत का होता? कारण यानेच गेल्या महिन्यात हेडलाइटला शंभर-नव्वदचे बल्ब घातले, म्हणजे अप्परला शंभर वॉट आणि डिपरला नव्वद. ‘उजेड कमी आहे’ एवढंच मी बोललो होतो. रिले नाही, म्हणजे दिव्यांना बॅटरीवरून थेट करंट देणारा स्विच नाही, काही नाही. वर दोन्ही दिव्यांच्या वायरी एकाच फ्यूजवर आणून सोडल्या. शंभर वॉटचे दोन बल्ब बारा व्होल्टवर साडेसोळा अँपिअरच्या वर ओढतात. आठचा फ्यूज उडणार नाही तर काय करेल? हे गणित दहावीच्या पोराला येतं. फ्यूजच्या जागी चांदी आल्यावर तापायला उरली वायर. ती तापली, क्लिपांखालचं प्लास्टिक मऊ होऊन बसलं, क्लिप सैल झाली आणि दिवे गेले. घाटातच.

मुळात उजेड कमी का होता, तेही काल मीच शोधलं. पितळी क्लिपांना हिरवा कळंक चढलेला. दिवे लावून मल्टिमीटर धरला, तर बॅटरीवर साडेबारा आणि बल्बपाशी जेमतेम साडेदहा. दोन व्होल्ट वाटेत गडप! हेडलाइटच्या अर्थिंगचा नटही गंजलेला. पॉलिश पेपर घेऊन अर्धा तास घासायचं काम होतं. तेवढं करायचं नाही, बल्ब मोठे घालायचे!

याच्या आधीच्याने तर कंपनीच्या रंगीत वायरी कापून सगळीकडे एकच लाल वायर ओढलीय. आता कुठली हॉर्नची आणि कुठली वायपरची, ते एकेक टोक धरून शोधत बसा. सोल्डर नाही, पीळ मारून काळी टेप. उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळतो आणि बोटांना चिकटतो, त्या प्रत्येक वेळी मला तो माणूस आठवतो. आणि दुकानदार! चिनी मातीचा, दोन्ही टोकांना निमुळता फ्यूज मागितला की काचेचा पुढे करतात, वर ‘बसतोय की’. नाही बसत. टेकतो नुसता, आणि खड्डा आला की हलतो.

१९८४ची गाडी आहे ही. वडिलांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा आमच्या सोसायटीतले सगळे हळहळले. तेच लोक पार्किंगमध्ये मला अडवून विचारतात, ‘भंगारात कधी घालताय?’ गाडी जुनी असली की तिच्यात कोणी काहीही कोंबावं, हे कुठून आलं? आत माणसंच बसतात ना?

आज बुधवार, पुण्यातल्या जुन्या बाजाराचा दिवस, म्हणून तिथे गेलो. तीन तास पायपीट केल्यावर एक धड बॉक्स मिळाला, क्लिपा ताठ असलेला. रिले आणला, साधे पंचावन्न-साठचे बल्ब आणले, दोन दिव्यांना दोन वेगळे फ्यूज दिले. संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीवर उजेड पाडून बघितला. लख्ख. इतकी वर्षं एवढंच हवं होतं.

मग डॅशबोर्डच्या कप्प्यात त्याचं गेल्या महिन्याचं बिल सापडलं. त्यात एक ओळ आहे, ‘नवीन फ्यूज, नग १’. ती चांदी मी त्याच बिलाला टाचून ठेवलीय. उद्या दहा वाजता त्याचं दुकान उघडतं.