निःशब्द, एका टिंबाने

टॅटूचं खूळ माझ्या डोक्यात दोन वर्षं होतं आणि शब्दही ठरलेला होता, निःशब्द. आता हा शब्द हातावर मिरवणारी बाई दिवसभरात किती बडबड करते ते आमच्या घरी कोणालाही विचारा, पण ते जाऊ दे.

स्टुडिओतल्या मुलाने डिझाइन व्हॉट्सॅपवर पाठवलं तेव्हा मी डोंबिवली लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली होते. उघडून बघते तर न एकीकडे, वेलांटी दुसरीकडे आणि मधे टिपक्याटिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ. त्याच्या सॉफ्टवेअरला मराठी येत नव्हतं. दुसऱ्यांदा आलं ते 'निशब्द'. तिसऱ्यांदा दोन टिंबं आली खरी पण ती चौकोनी, म्हणजे साहेबांनी इंग्रजी कीबोर्डवरचा कोलन ठोकून दिलेला. शेवटी मी नको ती चूक केली, घरी आल्यावर फोन सासूबाईंना दाखवला. सासूबाई ३१ वर्षं मराठी शिकवून रिटायर झाल्यात आणि टॅटूला त्यांचा कडाडून विरोध, तरी कोलन बघितल्यावर विरोध बाजूला राहिला. "नको ते करतेसच आहेस तर निदान शुद्ध तरी कर. विसर्ग म्हणजे गोल टिंबं. निश्शब्दही चालतं, पण सोपं नको वाटायला तुला." मग त्यांनी वहीच्या पानावर स्वतः लिहून दिलं, फोटो काढून तोच पाठवला. म्हणजे माझ्या हातावर जे आहे ते सासूबाईंचं अक्षर आहे, आयुष्यभरासाठी. ह्याचा विचार मी आधी करायला हवा होता.

तयारीच्या सूचना आल्या: रात्री नीट झोपा, आदल्या दिवसापासून दारू नको, भरपूर पाणी प्या, आणि उपाशीपोटी अजिबात येऊ नका, चक्कर येते. दारूचं सोडा, पण अपॉइंटमेंट नेमकी संकष्टीला. चंद्रोदय रात्री आणि टॅटू दुपारी. सासूबाईंचं म्हणणं उपास मोडायचा नाही, स्टुडिओवाल्याचं म्हणणं पोट भरलेलं पाहिजे, शेवटी दोन प्लेट साबुदाणा खिचडी, वर एक रताळं आणि ताक असा कडक उपास करून मी निघाले. चक्कर कसली, खुर्चीत बसल्या बसल्या जांभया यायला लागल्या.

त्याने समोर पाकीट फोडून नवी सुई काढली, हातावरची लव रेझरने साफ केली, जांभळा स्टेन्सिल चिकटवला. मशीनची घर्रर्र सुरू झाली आणि मी कशाचा तरी विचार करायचा म्हणून मोबाईलमध्ये वाचत बसले, तर कळलं की हे मशीन मुळात एडिसनच्या इलेक्ट्रिक पेनवरून निघालंय. १८७५ मध्ये त्याने कागदाला बारीक भोकं पाडून कॉप्या काढायचं पेन केलं आणि १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीने त्याच धर्तीवर गोंदायच्या मशीनचं पेटंट घेतलं. थोडक्यात मी आत्ता झेरॉक्सचा कागद होते. दुखतं का? बाहेरच्या बाजूला आईब्रो केल्यासारखं, पण मनगटाजवळ आतल्या अंगाला गेल्यावर मी शब्दाला अजिबात न शोभणारे दोनचार शब्द बोलले.

शाई जात का नाही हे पण तिथेच वाचलं. सुई कातडीच्या वरच्या थराखाली शाई सोडते, तिथल्या पेशी धावत येतात, परकी वस्तू म्हणून ती गिळतात आणि पचत नाही म्हणून तिथेच बसून राहतात. त्या मेल्या की दुसऱ्या येऊन तीच शाई गिळतात. आपल्याकडची सरकारी फाईलच, टेबलं बदलतात पण बिल्डिंग सोडत नाही.

पाऊण तासात टॅटू झाला. वर पारदर्शक फिल्म चिकटवून दिली, तीन दिवस काढायची नाही. आणि खरी कसोटी इथून. दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्मखाली शाई आणि लस मिळून काळं पाणी साठलं. असं होतं, नॉर्मल आहे, पण सासूबाईंनी चहा ओतता ओतता ते बघितलं आणि कप खाली ठेवला. "हात सडलाय तुझा." मग सल्ल्यांचा पाऊस. हळद लाव. कोरफड लाव. खोबरेल तेल कोमट करून लाव. वॉचमनकाकांनी बिब्बा सुचवला, बिब्बा! ज्याने धडधाकट कातडीला फोड येतात तो. मला लावायचं होतं फक्त बिनवासाचं लोशन, तेही पातळ, आणि दिवसातून दोनदा बिनवासाच्या साबणाने धुवून टिश्यूने टिपायचं, टॉवेलने पुसायचं नाही, ऊन नको, पोहायला नको, हात पाण्यात बुडवून ठेवायचा नाही.

ह्यातला शेवटचा नियम मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. त्या दिवसापासून भांडी नवऱ्याकडे. (हातमोजे घालून घासता येतात हे मी वाचलं होतं. ते मोठ्याने वाचलं नाही.)

लोकलचं काय सांगू. टॅटू नवीन असला की लेडीज डब्यातल्या प्रत्येक बाईची पर्स टिकल्यांची असते आणि ती बरोब्बर तुमच्या मनगटाच्या उंचीवर लटकते. आठवडाभर मी हात वर धरून प्रवास केला, लोक मला उतरायची घाई आहे समजून वाट करून द्यायचे. त्यात सोसायटीचं रक्तदान शिबिर, आता वर्षभर मला रक्त देता येत नाही म्हटल्यावर सेक्रेटरींनी असं बघितलं की मी त्यांची एक बाटली चोरली.

पाचव्या दिवशी खाज सुरू झाली. सापाने कात टाकावी तशा काळ्या पापुद्र्या सुटायला लागल्या, धुताना अर्धा 'ब्द' बेसिनमध्ये गेल्यासारखा वाटायचा. खाजवायचं नाही, ओढायचं नाही, फार झालं तर वरून हलकं थापटायचं. मी मीटिंगमध्ये बसून स्वतःचा हात बाळासारखा थापटत होते. रात्री झोपेत नख लागू नये म्हणून दुसऱ्या हातात नवऱ्याचा पायमोजा.

नवव्या रात्री डास चावला. अख्खा हात मोकळा होता, दोन पाय होते, शेजारी नवरा उघडा पडला होता, पण डास बसला तो विसर्गाच्या वरच्या टिंबावर. झोपेत मोजा कधी काढला आणि काय केलं मला आठवत नाही. सकाळी उशीवर एक बारीकशी काळी खपली आणि हातावर एकच टिंब. सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं, म्हणाल्या, "आता हे संक्षिप्त रूप झालं. नि. शब्द. निवृत्त शब्द."

वैतागून आज्जीला गावी फोन केला. तिच्या हातावर तुळशीवृंदावन आहे, आता हिरवं पसरून कोबीसारखं दिसतं. म्हटलं आज्जी, तुझं गोंदल्यावर काय काळजी घेतली होतीस? "कसली काळजी? जत्रंत गोंदून घ्येतलं, घरी यिऊन भाकऱ्या थापल्या." खाज? "आली आसंल. कुनाला येळ हुता बघायला."

दीड महिन्याने टचअपला गेले. पहिला टचअप फुकट होता. त्याने नवी सुई फोडली, नवे हातमोजे घातले, वीस सेकंदात टिंब ठेवलं आणि वर फिल्मचा इवलासा चौकोन लावून तेच सगळं परत सांगितलं, ऊन नको, पाणी नको, खाजवू नका.

घरी आले तर नवरा सिंकपाशी हात पुसत उभा. कुकर, कढई, पोळ्यांचा तवा, सगळं तसंच.

"अगं एवढंसं टिंब आहे ते. एका टिंबासाठी परत तीन आठवडे भांडी?"

मी काही बोलले नाही. नुसता हात पुढे करून शब्द दाखवला.