डॉक्टरच्या सर्टिफिकेटानं दाव्याची मुदत वाढत नाही

आपल्या वऱ्हाडातल्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘आजारपणात दावा टाकायचा राहिला? घाबरू नका. डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा, मुदत कायद्याच्या कलम ५ नं उशीर माफ होतो. लकवा, कॅन्सर म्हणजे कायद्यानं असमर्थता. कोरोनाची सूट आहेच. आणि समोरच्यानं हरकत घेतली नाही तर प्रश्नच मिटला.’ एवढ्या खात्रीनं लिहिलंय की वकिलालाही क्षणभर खरं वाटावं.

कलम ५ आहे, पण ते अपिलांना आणि अर्जांना. मूळ दाव्याला ते लागूच नाही. उसने दिलेले पैसे परत मागायचे तर दिल्यापासून तीन वर्षं. सौदाचिठ्ठीवरून, म्हणजे जमीन विकायच्या लेखी करारावरून, खरेदीखत करून मागायचं तर ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षं. तारीख ठरली नसेल तर समोरच्यानं नकार दिल्याचं कळल्यापासून. या काळात तुम्ही सेवाग्रामला भरती होता की नागपूरच्या मेडिकलला, यानं एक दिवसही वाढत नाही.

असमर्थता, म्हणजे जिच्यामुळे मुदतीचं घड्याळ सुरूच होत नाही ती अवस्था, कलम ६ मध्ये आहे. तिथं दोनच माणसं बसतात: अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचा, आणि मानसिक आजारामुळे किंवा मतिमंदपणामुळे ज्याला आपलं हित कळत नाही तो. तीही अवस्था मुदत सुरू होताना असावी लागते. एकदा घड्याळ चालू झालं की नंतर आलेल्या आजारानं ते थांबत नाही, हे कलम ९. लकव्यानं हातपाय गेले, डोकं शाबूत, तर सूट नाही. क्रूर आहे, पण कायदा असा आहे.

कोरोनाची सूट सुप्रीम कोर्टानं आजाऱ्यांनाच नाही, सगळ्यांना दिली होती: १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हे दिवस मुदतीत धरायचे नाहीत. त्या काळात ज्यांची तीन वर्षं सुरू झाली, त्यांचीही मार्च २०२५ उजाडताना संपली.

हरकतीचं तर साफ खोटं. कलम ३ सांगतं, समोरचा गप्प बसला तरी मुदतबाह्य दावा कोर्टानं फेटाळायचाच.

मग खाटेवरच्या माणसानं काय करावं? दाव्यावर स्वतः सही करणं जमत नसेल, तर त्यानं अधिकार दिलेला माणूस करू शकतो. बायांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि अपंगांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत विचारा, नाहीतर १५१०० ला फोन लावा. उसनवारीत कर्जदाराकडून मुदत संपायच्या आत ‘देणं आहे’ असं लिहून सही घेतली, तर त्या तारखेपासून मुदत नव्यानं सुरू होते. मुदत संपल्यावर घेतलेली सही इथं कामाची नाही.

आजारपणाचे कागद कामी येतात ते अपिलाला. तहसीलदारानं फेरफाराच्या वादात दिलेल्या आदेशावर एसडीओकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) ६० दिवसांत अपील करायचं असतं. तिथं उशीर माफ होऊ शकतो. पण नुसतं सर्टिफिकेट नको; भरती-सुटीच्या तारखांचं डिस्चार्ज कार्ड लावा आणि सुटी झाल्यानंतरचे दिवस कुठं गेले तेही अर्जात लिहा.