नुसतं अंतर जुळवून भागत नाही

लेगो या प्लॅस्टिकच्या जोडठोकळ्यांवरच्या लेखातलं ‘खुंट्यांमधलं अंतर ८ मिमी ठेवलं की कुणाचेही ठोकळे लेगोत बसतात’ हे वाक्य पटलं नाही. (खुंट्या म्हणजे ठोकळ्यावरचे गोल उंचवटे; अंतर एकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचं.) मी भाचीसाठी थ्रीडी प्रिंटरवर जादा तुकडे काढतो. अंतर अचूक असूनही सुरुवातीचे तुकडे एकेकटे छान बसायचे, पण ओळीत लावले की शेवटचा काही केल्या आत जाईना. कारण दोन खुंट्यांचा ठोकळा १६ नव्हे, १५.८ मिमी लांब असावा लागतो. दोन्ही टोकांना ०.१ मिमी मोकळीक सोडली नाही तर शेजारचे ठोकळे एकमेकांना ढकलतात. पकडीचंही तसंच. ४.८ मिमीची खुंटी केसभर जाड झाली तरी पोराच्या बोटांना तुकडा निघत नाही, बारीक झाली तर उचलताच गळून पडतो.

उंचीबद्दल तर लेखात अवाक्षर नाही! पातळ पट्टी ३.२ मिमीची, म्हणजे पाच पट्ट्या रचल्या की बरोबर १६ मिमी, दोन खुंट्यांच्या जागेइतके (८ + ८). या हिशोबामुळेच ठोकळे आडवे लावूनही रचना जुळते. उंची मनाने ठरवणाऱ्या स्वस्त संचांत नेमकं हेच जमत नाही, आणि मुलं मात्र आपलंच चुकलं समजून हिरमुसतात.