कमिट मेसेज: ‘फिक्स’

पुन्हा तेच! कमिट म्हणजे कोडमधल्या बदलाची नोंद, आणि तिच्यासोबतचा मेसेज काय? ‘फिक्स’, ‘अपडेट’, ‘फायनल चेंजेस’. अरे, काय फिक्स केलंत? का केलंत? काय बदललं ते डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडच्या तुलनेत, दिसतंच, का बदललं ते कुठे शोधायचं? २००५ साली बिटकीपर या कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा फुकट वापर बंद झाला म्हणून लिनस टॉरवल्ड्सने लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, तेच काम करणारं गिट लिहिलं. त्या कर्नलमध्ये आजही एका ओळीच्या बदलाला कित्येकदा परिच्छेदभर कारण दिलेलं असतं. आणि आमच्या टीममध्ये? ढीगभर फायली एकाच कमिटमध्ये कोंबायच्या नि वर लिहायचं ‘मायनर’! मग गिट बायसेक्टने इतिहास निम्मा-निम्मा करत बग आणणारं कमिट सापडलं, तरी त्यातली नेमकी ओळ कोणती? लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. दोन ओळी लिहा हो, दोनच!