कोरडी थंडी

आज सकाळी अमेरिकेतल्या आमच्या फ्रेझर गावात फावडं मारमारून ड्राइव्हवे मोकळा केला. कंबर सरळ करतो न करतो तोच बर्फ सारणारी गाडी आली, रस्ता लख्ख केला आणि रस्त्यावरचा सगळा माल माझ्या दाराशी गुडघाभर रचून पुढे गेली. वर ड्रायव्हरने हात हलवला. मीही हलवला, काय करता!

हा सोहळा बघायला समोरचे आजोबा हजर होते. उणे पंचवीस फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशेबाने उणे बत्तीस. माझ्या भुवया पांढऱ्या झालेल्या. आजोबा हाफ चड्डीत, हातात कॉफी. त्यांच्या कुत्र्याने मात्र चारी पायांत बूट घातले होते. दोघांत शहाणं कोण, ते दिसतच होतं.

"काय, थंडी कशी वाटते?"

"नाकातले केस गोठलेत."

"पण कोरडी आहे ना! शिकागोची थंडी ओली, हाडांत शिरते."

"ही कुठे शिरते?"

आजोबांनी एक घोट घेतला, खरोखर विचार केला. "ही बाहेरच थांबते."

मग हवामानाचा तास सुरू झाला. बर्फ पडताना ढग गोधडीसारखे असतात. पहाटे आभाळ निवळलं की जमिनीची ऊब थेट वर निघून जाते. भोवतालच्या डोंगरांवरची जड, गार हवा उतरून खोऱ्याच्या तळाशी साचते. म्हणजे वर उतारावर राहणारे आमच्यापेक्षा उबेत! घर दाखवताना एजंट म्हणाला होता, "सपाट जागा, सोयीची." सोयीची कुणाला, थंडीला?

कोलोरॅडोच्या ग्रँड काउंटीत, साडेआठ हजार फुटांवरच्या या फ्रेझर गावाला याचा कोण अभिमान! 'आइसबॉक्स ऑफ द नेशन', म्हणजे देशाची बर्फपेटी, या बिरुदासाठी गाव मिनेसोटातल्या इंटरनॅशनल फॉल्सशी वर्षानुवर्षं भांडलं. २००८ साली ट्रेडमार्क त्यांना मिळाला. आजोबांना ते अजून लागून आहे. लोक बांधाच्या वितीसाठी भांडतात, हे कुडकुडण्याच्या मानासाठी. अरे, देऊन टाका ना, सोबत थंडीही न्या म्हणावं!

उन्हाळ्याचं तर नावच काढू नका. इथे दहिवर कुठल्याही महिन्यात पडतं. बायकोने कौतुकाने लावलेली कोथिंबीर ऐन जुलैत एका रात्रीत काळी पडली. त्या रात्रीपासून ती घर विकण्याच्या जाहिराती वाचते. सांगलीहून आई फोनवर विचारते, "कानटोपी घातलीस ना?" घातली गं, एकावर एक.

एव्हाना तो ढिगारा दगड झाला होता. आजोबांच्या गॅरेजात बर्फ उडवायचं यंत्र आहे, चांगलं लालभडक, पेट्रोल भरलेलं. मी नुसतं तिकडे बघितलं.

"तू तरुण आहेस," ते म्हणाले, "व्यायाम होईल," आणि कुत्र्याला थंडी वाजते म्हणून आत गेले.