दाताच्या एक्स-रेचा तो फॉरवर्ड, एकेक मुद्दा घेऊन बोलू

भुसावळपासून चोपड्यापर्यंत प्रत्येक ग्रुपवर तो मेसेज फिरतोय. दाताच्या एका एक्स-रेत छातीच्या १०० एक्स-रेएवढं रेडिएशन, गळ्याला शिशाचा पट्टा नसला तर थायरॉइडचा कॅन्सर, गरोदर बाईनं काढूच नये, आणि काढायचाच तर डिजिटल काढा कारण त्यात रेडिएशन नसतंच. मी रोज एक्स-रे काढतो, आणि हे वाचून लोकं दाढेत पू घेऊन घरी बसतात याचा खरंच त्रास होतो म्हणून लिहितोय.

१०० छातीचे एक्स-रे: भो, हिशोबच उलटा आहे. एका दाताचा छोटा फोटो साधारण १ ते ८ मायक्रोसिव्हर्ट (रेडिएशनचा डोस मोजायचं माप), मशीन अन् फिल्म कशी त्यावर, आणि छातीचा एक एक्स-रे साधारण २०. अख्ख्या जबड्याचा ओपीजी काढला तरी १० ते २५ च्या आसपास. काहीच न काढता जमिनीतून, आभाळातून, हवेतल्या रेडॉन वायूमधून जगात माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे २४०० मायक्रोसिव्हर्ट, मिळतंच, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसिव्हर्ट, आता तुम्हीच लावा हिशोब. ग्रुपवर कोणीतरी रावेरच्या केळीचं उदाहरण दिलंय, केळीत पण रेडिएशन असतं म्हणून, ते खरं आहे पण मी ते वापरणार नाही, कारण ते रेडिएशन केळीतल्या पोटॅशियमचं, आणि जास्तीचं पोटॅशियम शरीर बाहेर टाकतं, केळी खाऊन डोस साठत जात नाही.

पट्टा: अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०२४ मध्येच सांगितलं की शिशाचा एप्रन आणि थायरॉइडची कॉलर, म्हणजे हाच गळ्याचा पट्टा, नेहमी घालायची गरज नाही. ओपीजीत तर कॉलर किरणांच्या आड येते, फोटो खराब होतो आणि परत काढावा लागतो, म्हणजे डोस डबल. मागितला तर देतील, घाला, पण पट्टा नाही म्हणून खुर्चीवरून उठून जाऊ नका. खरा फरक मशीनच्या तोंडाला गोल नळीऐवजी चौकोनी नळी लावली तर पडतो, डोस निम्म्याहून कमी होतो, आणि त्याबद्दल त्या मेसेजमध्ये एक अक्षर नाही.

गरोदरपण: किरण तोंडाकडे असतात, पोटापर्यंत पोचतं ते नगण्य. गरज असली तर काढावा, डॉक्टरांना आधी सांगावं, बस. दाढेतलं इन्फेक्शन अंगात वाढू देणं आईला जास्त जड जातं.

आता डिजिटल, इथं मला सगळ्यात जास्त बोलायचंय. ट्यूब तीच, किरण तेच, फक्त सेन्सरला फिल्मपेक्षा कमी लागतात, त्यामुळे रेडिएशन नसतंच हे साफ खोटं. फिल्मवर डोस जास्त झाला तर फोटो काळा येतो, चूक लगेच दिसते. डिजिटलमध्ये सॉफ्टवेअर सावरून घेतं, उलट फोटो अजून स्वच्छ दिसतो, म्हणून सेटिंग हळूहळू वर सरकतं आणि कोणाच्या ध्यानातच येत नाही. वर सेन्सर जरा वाकडा बसला, मुळाचं टोक कापलं गेलं की 'अजून एक घेऊ' म्हणायला काहीच लागत नाही. फिल्मचं दुखणं वेगळं, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४४ ला गेला की डब्यातला डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं केमिकल, गरम होतो, फिल्म काळपट धुरकट येते, मूळ कुठं संपतं तेच कळत नाही, आणि डेव्हलपर जुना झाला की फिल्म फिकी येते, मग तो बदलायचं सोडून लोकं एक्स्पोजरचा टाइमच वाढवतात, म्हणजे केमिकलचे पैसे वाचवायला पेशंटच्या अंगावर डोस. हे चूक आहे, मी ठणकावून सांगतो. मेसेज पसरवायचाच असला तर हा पसरवा.

सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, पण डिजिटलच, पण त्याचा डोस काही दहापासून कैक शे मायक्रोसिव्हर्टपर्यंत जातो, मशीन आणि किती भाग घेतला त्यावर. इम्प्लांट बसवायचं असलं, अक्कलदाढ नसेजवळ असली तर लागतो, साध्या किडीला नाही. कशासाठी काढताय ते विचारा, एकाच दाताचं काम असलं तर छोटा भाग चालेल का तेही विचारा, आणि पुढं जळगाव-नाशिकला दाखवायला गेले तर आधीची सीडी सोबत न्या म्हणजे परत काढायला लागणार नाही.